बारा व्होल्टवर अख्खं घर? आधी अँपिअर मोजा

घरच्या सोलरबद्दल एक सल्ला हातोहात फिरतो: ‘बॅटरी बँक (एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच) १२ व्होल्टचीच ठेवा. ऊर्जा तेवढीच मिळते, लागतील तशा बॅटऱ्या समांतर जोडत जाता येतात, झटका बसत नाही आणि १२ व्होल्टचे दिवे-पंखे थेट चालतात.’ चारही मुद्द्यांत थोडं थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. घोळ होतो तो फ्रिज आणि पाण्याचा पंप त्याच बँकेवर टाकल्यावर.

‘ऊर्जा तेवढीच मिळते.’ साठवणीपुरतं बरोबर. १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) चार बॅटऱ्या समांतर, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडल्या तर १२ व्होल्ट, ६०० एएच. सीरिजमध्ये, म्हणजे एकीच्या प्लसला दुसरीचा मायनस अशा ओळीने, जोडल्या तर ४८ व्होल्ट, १५० एएच. दोन्हीकडे ७,२०० वॅट-तासच. (४८ व्होल्टने बॅकअप चौपट होतो म्हणणारेही भेटतात, तेही चूकच.) फरक पडतो ती ऊर्जा बाहेर काढताना. लोड ३,००० वॅट आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर १२ व्होल्टच्या बँकेतून सुमारे २७८ अँपिअर ओढले जातात, ४८ च्या बँकेतून ६९. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे प्रवाह चौपट झाला की त्याच तारेत सोळापट. लग (केबलच्या टोकाची धातूची टोपी) नीट क्रिम्प न झाल्याने, म्हणजे घट्ट दाबून न बसल्याने, जोडाचा रोध १ मिलिओहम राहिला, तर ६९ अँपिअरला तिथे ५ वॅटसुद्धा तापत नाहीत. २७८ अँपिअरला त्याच जोडावर ७७ वॅट! इन्सुलेशन वितळतं ते इथे.

म्हणून १२ व्होल्टला ९५ चौरस मिमीच्या आसपासची जाड केबल लागते, ४८ ला २५ ची पुरते. शिवाय पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेतो. तेवढ्यात केबल आणि जोडांवर १ व्होल्ट पडला आणि बॅटरीचं व्होल्टेजही थोडं बसलं, की इन्व्हर्टरला १०.५ च्या आसपासचं व्होल्टेज दिसतं आणि तो ‘लो बॅटरी’ दाखवून बंद पडतो. बॅटरी भरलेली असते आणि दोष मात्र तिच्याच माथी येतो. ४८ व्होल्टवर तोच १ व्होल्ट दोन टक्क्यांचा.

चार्जिंगची बाजू या सल्ल्यात येतच नाही. चार्ज कंट्रोलरची (पॅनेलवरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची) क्षमता त्याच्या आउटपुट अँपिअरवर ठरते. ६० अँपिअरचा एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा कंट्रोलर) १२ व्होल्टच्या बँकेला साधारण ८४० वॅट देऊ शकतो, ४८ च्या बँकेला ३,३०० च्या वर. पॅनेल वाढवायचे असतील, तर १२ व्होल्टवर प्रत्येक टप्प्याला नवा कंट्रोलर आला. अर्थात ४८ च्या बँकेसाठी पॅनेलचं व्होल्टेजही चढं हवं. ४० व्होल्टच्या आसपास चालणारे किमान दोन पॅनेल सीरिजमध्ये घ्यावे लागतात, आणि थंडीत पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (लोड नसतानाचं व्होल्टेज) वाढतं तेव्हा ते कंट्रोलरच्या मर्यादेत राहतं ना, हे आधी तपासावं लागतं.

‘समांतर जोडत जा.’ दोन-तीनपर्यंत ठीक. पुढे मात्र इन्व्हर्टरच्या जवळची बॅटरी जास्त राबते, लांबची कमी, आणि जवळची आधी मरते. पॉझिटिव्ह एका टोकाच्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्या टोकावरून घेतलं, मधल्या केबल समान लांबीच्या ठेवल्या, तर असमतोल कमी होतो, पण जात नाही. प्रत्येक शाखेला वेगळा फ्यूज लावा. एका बॅटरीत सेल शॉर्ट झाला की बाकीच्या सगळ्या तिच्यात रिकाम्या होतात. जुन्या बॅटरीला नवी जोडणं तर टाळाच. सीरिजलाही पथ्यं आहेत: चारही बॅटऱ्या एकाच बनावटीच्या, एकाच वयाच्या, जोडण्याआधी वेगवेगळ्या पूर्ण चार्ज केलेल्या. १२ व्होल्टच्या लिथियम बॅटऱ्या सीरिजमध्ये चालतात की नाही, ते त्यांच्या बीएमएसवर (बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटवर) अवलंबून असतं.

‘झटका बसत नाही.’ खरं आहे, पण बँकेचा मोठा धोका झटक्याचा नसतो. टर्मिनलवर पाना आडवा पडला, तर १२ व्होल्टही तो लाल करून वितळवतात. अंगठी, कडं काढून ठेवायचं ते दोन्हीकडे.

‘१२ व्होल्टची उपकरणं थेट चालतात.’ बँकेजवळची चालतील. १५ मीटरवर ६० वॅटचा लोड २.५ चौरस मिमीच्या तारेवर टाकला, की जाऊन-येऊन ३० मीटरमध्ये जवळजवळ १ व्होल्ट गळतो. ४८ च्या बँकेवर ४८ ते १२ चा डीसी-डीसी कन्व्हर्टर लावला की हा प्रश्न सुटतो. चारपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून घ्यायचा ‘जुगाड’ मात्र करू नका: ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि उरलेल्या तीन ओव्हरचार्ज होतात.

मग १२ व्होल्ट कुठे बरे? दिवे, राउटर, फोन, एखाद-दुसरा पंखा, किंवा वाहनातली यंत्रणा. सोपा हिशोब असा: बँकेतून सलग निघणारा प्रवाह १०० अँपिअरच्या आत ठेवा. म्हणजे बँकेतून १,२०० वॅटपर्यंत १२, २,४०० पर्यंत २४ आणि त्यापुढे ४८. छोट्या घराला ओढूनताणून ४८ बसवण्यातही तोटा आहे. ४८ चे इन्व्हर्टर बहुधा मोठे असतात, आणि नुसतं चालू राहण्यासाठी एखादा ४० वॅट खात असेल, तर दिवसाला जवळजवळ १ युनिट तिथेच संपतं.

१२ वरून ४८ ला गेलात, तर इन्व्हर्टर बदलावाच लागतो. एमपीपीटी ४८ व्होल्टला चालणारा असेल, तरच तो राहतो. फ्यूज मात्र नीट बघून घ्या: वाहनांसाठीचे बरेचसे ३२ व्होल्टपर्यंतचेच असतात. ४८ वर ते वितळले तरी आत आर्क (तुटलेल्या जागेतली विजेची ठिणगी) पेटती राहू शकते. ब्रेकरही डीसीचाच हवा, एसीचा नाही.