लेकरू ‘रुळतं’ म्हणजे नेमकं काय होतं

मे महिना सरत आला की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास येतात, वळवाचा पाऊस आणि हा मेसेज. कर्नाटकातल्या शाळा महाराष्ट्राच्या आधी उघडतात, त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी ग्रुपवर तो मेच्या शेवटच्या आठवड्यातच फिरायला लागतो. यंदा मला तो सात जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा:

“सीमाभागातील बंधू-भगिनींनो, तुमच्या गावात बाप नसलेलं, आई मोलमजुरी करणारं लेकरू असेल तर त्याला घरात कुजवू नका, आश्रमात दाखल करा. राहणं, जेवण, शिक्षण फुकट. जितकं लहान, तितकं लवकर रुळतं. शिस्त लागते. आईच्या हातात मदतीचे पैसे दिले तर ते भलतीकडेच जातात. समाजसेवेला काळीज लागतं, अभ्यास नाही. किमान दहा जणांना पाठवा.”

पाठवणाऱ्यांत वाईट माणूस एकही नाही, हे आधीच सांगते. मी गेली चौदा वर्षं याच तालुक्यांत मुलांच्या संरक्षणाचं काम करते आणि या माणसांना ओळखते. रात्री दोनला फोन केला तरी गाडी काढतील अशी ती माणसं आहेत. पण या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुणी ना कुणी तपासून बघितलेलं आहे. बरीचशी पडली, एक अर्धं टिकलं. ओळीनं घेते.

“घरात कुजवू नका, आश्रमात दाखल करा.” आश्रमात मूल ठेवणं म्हणजे शाळेत नाव घालणं नव्हे. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला बाल कल्याण समितीपुढं न्यावं लागतं. आपल्याकडे कचेरीत तिला ‘मक्कळ कल्याण समिती’ म्हणतात. समिती सामाजिक तपासणी करून घेते, त्यासाठी १५ दिवस असतात. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायद्याच्या मूलतत्त्वांतच लिहिलंय. संयुक्त राष्ट्रांनी २००९ साली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली, त्यात तर केवळ गरिबी हे मुलाला घरापासून तोडायचं कारण होऊ शकत नाही असं स्वच्छ म्हटलंय. आणि नोंदणी नसलेली बालगृहं चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड होऊ शकतो. मेसेजमध्ये फोन नंबर असतो, नोंदणी क्रमांक मी अजून पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी खानापूर तालुक्यातल्या एका गावात मला एका आजीनं बोलावलं. नातू पाच वर्षांचा. बाप वारलेला, आई गोव्यात घरकामाला. मुलाच्या मामानं हाच मेसेज दाखवला होता आणि सोबत एक फॉर्मही आणला होता. फॉर्म निम्मा भरलेला. ‘आई-वडील’ या रकान्यात मामानं लिहिलं होतं, ‘नाहीत’. मी विचारलं, आई आहे ना? तो म्हणाला, “आई हाय म्हटलं की घेत नाहीत बाई.” आजी चुलीपुढं बसून ऐकत होती. म्हणाली, “माझी लेक जित्ती हाय, आन् कागदावर मारताय व्हय रे तिला?” जगभरातल्या अंदाजांनुसार अशा संस्थांत राहणाऱ्या पाचांतल्या चार मुलांची आई किंवा बाप हयात असतो. त्या आकड्याचा अर्थ मला त्या रकान्यानं शिकवला.

आता ते वाक्य, जे मला सगळ्यांत जास्त छळतं, कारण ते खरं दिसतं. “जितकं लहान, तितकं लवकर रुळतं.”

तीन वर्षांचं पोर सोडलं की दोन दिवस रडतं, तिसऱ्या दिवशी ताटावर बसतं, आठवड्यानं पाहुणे आले की धावत जाऊन गुडघ्याला मिठी मारतं. वाढदिवसाचा केक घेऊन गेलेली मंडळी परत येऊन सांगतात, “किती लाघवी हो ती मुलं! ओळख ना पाळख, लगेच मांडीवर.” पहिल्या वर्षी मीही असंच सांगत आले होते. मग एका साडेतीन वर्षांच्या मुलीकडे नीट बघितलं. माझ्या मांडीवरून उतरली ती केकवाल्या काकांच्या मांडीवर, तिथून टेम्पोच्या ड्रायव्हरच्या. तिघांकडे बघायची नजर एकच. मग खेळताना पडली, ढोपर सोलवटलं. रडली नाही, कुणाकडे गेलीही नाही. खोलीत दहा मोठी माणसं होती. तिनं आपणच ढोपरावर फुंकर घातली आणि उठली. घरातलं पोर अनोळखी माणूस दिसला की पदरामागं लपतं आणि पडलं की त्याच पदराकडे पळतं. हिला पदर कुठला ते ठरवताच आलं नव्हतं.

या वागण्याचा अभ्यास रुमानियात झाला. १९६६ साली तिथल्या चाउशेस्कू सरकारनं गर्भपातावर बंदी घातली, घराघरांत न पेलवणारी मुलं झाली आणि सरकारनं ती संस्थांत घेतली. १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा अशा मुलांची संख्या लाखावर होती. २००० नंतर चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तीन अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टच्या संस्थांतली १३६ मुलं घेतली, वयं सहा ते एकतीस महिने. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं प्रशिक्षण दिलेल्या पालक-कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्याचं मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवली, निम्मी होती तिथंच राहिली. (हे नैतिक होतं का, यावर त्यांना आजही प्रश्न विचारतात आणि विचारायलाच हवेत. तेव्हा त्या देशात पालक-कुटुंबं जवळजवळ नव्हतीच, ती या अभ्यासासाठी उभी करावी लागली. नाहीतर सगळीच मुलं संस्थेत राहिली असती.) नेल्सन पहिल्यांदा बाळांच्या खोलीत गेले तेव्हा त्यांना खटकली ती शांतता. बाळं रडत नव्हती. रडून कुणी येत नाही हे ती शिकली होती. आपल्या भाषेत, ती रुळली होती.

मुलं साडेतीन वर्षांची झाल्यावर बुद्ध्यंक मोजला. घरीच वाढलेल्या मुलांचा सरासरी १०३. संस्थेतल्यांचा ७७. दीड वर्षाच्या आत कुटुंबात गेलेल्यांचा ९४ च्या आसपास, अडीच वर्षांनंतर गेलेल्यांचा ८० च्या आसपास. म्हणजे उशीर झालेली मुलं संस्थेत राहिलेल्यांच्या जवळपासच. निष्कर्ष २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले आणि पुढं मोठेपणापर्यंत या मुलांचा पाठपुरावा झाला. मेसेज म्हणतो जितकं लहान तितकं बरं. अभ्यास म्हणतो, घर मिळायला जितका उशीर तितकं जास्त नुकसान आणि दोन वर्षांच्या आत तर घर शोधायची घाईच करायला हवी.

“शिस्त लागते” या वाक्याला मी फार वेळ देणार नाही. शिस्त म्हणजे काय विचारलं तर उत्तर येतं, पाचला उठतात, रांगेत बसतात, उलट बोलत नाहीत. रांग कशी लागली ते कुणी विचारत नाही. २०१६ साली एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी सुमारे १ लाख ६१ हजार मुलांवरचे अभ्यास एकत्र केले. फटके खाणारी मुलं जास्त शहाणी झाल्याचं त्यात दिसलं नाही, जास्त आक्रमक झाल्याचं दिसलं. अर्थात छडी घरातही असते. आश्रमाच्या बाजूनं किंवा विरुद्ध हा मुद्दा फारसा काही सिद्ध करत नाही.

“आईच्या हातात पैसे दिले तर भलतीकडेच जातात.” म्हणजे दारूकडे, हे सगळ्यांना कळतं. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले १९ अभ्यास तपासले. प्रश्न हाच होता, गरिबाच्या हातात रोख दिली तर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो का? एकंदरीत वाढला नाही, काही ठिकाणी कमीच झाला. निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांना हे सांगितलं तर त्या हसतील. सूप मांडीवर, कात्री हातात, हजार विड्यांमागं किती मिळतात आणि त्यांतले किती दुकानदाराच्या वहीत जातात हे त्यांना पाठ असतं. घरात दारू आली तर ती कुणाच्या पैशानं येते, हेही.

इथं एक घोळ सीमेमुळं होतो. मराठी ग्रुपवर महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेचा मेसेज येतो, महिना २२५० रुपये. बेळगावची बाई तो घेऊन चंदगड नाहीतर गडहिंग्लजच्या माहेरी जाते, तिथं रेशन कार्ड कर्नाटकचं निघतं आणि ती हात हलवत परत येते. गावात मग बोललं जातं, “योजना कागदावरच असतात.” इथं तिच्या कामाची आहे ती केंद्राची मिशन वात्सल्य, जी दोन्ही राज्यांत चालते. विधवा, घटस्फोटित किंवा नवऱ्यानं टाकलेली आई असेल किंवा अनाथ मूल नातेवाइकांकडे असेल, तर एका मुलामागं महिना ४००० रुपये प्रायोजकत्व मिळू शकतं. ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत लागतं. अर्ज जिल्हा बाल संरक्षण घटकाकडे, उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कचेरीतून. अडचण अशी की कागद कन्नडमध्ये आणि आई शिकलेली मराठी चौथी. सही कुठं करायची ते दाखवायला माणूस लागतो. भाषेच्या प्रश्नावर मोर्चा काढणाऱ्या आणि मोर्चा अडवणाऱ्या, दोन्ही बाजूंच्या पोरांनी आठवड्यातून एक तास असे अर्ज भरून दिले तर मला हवेच आहेत.

मग येतं, “समाजसेवेला काळीज लागतं, अभ्यास नाही.” यावर एक जुनी गोष्ट. अमेरिकेत बोस्टनजवळ केम्ब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ मध्ये ५०६ मुलगे निवडले. वय, घर, स्वभाव बघून जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीत नाणं उडवलं. एकाला कार्यकर्ता मिळाला, जो घरी येणार, अभ्यासात, आजारपणात मदत करणार, उन्हाळी शिबिराला पाठवणार. दुसऱ्याला काही नाही. १९४५ पर्यंत हे चाललं. काम मनापासून झालं होतं यात शंका नाही. जोन मकॉर्ड यांनी तीस वर्षांनी त्या मुलग्यांना, म्हणजे आता प्रौढ पुरुषांना, शोधून काढलं. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश म्हणाले, आमचं भलं झालं. नोंदी तपासल्या तर पुन्हा गुन्हा करणं, दारू, मानसिक आजार, लवकर मृत्यू अशा बऱ्याच बाबतींत हेच पुरुष मागं होते. नाण्याची दुसरी बाजू पडलेले त्यांच्यापेक्षा बरे निघाले. पुढच्या विश्लेषणात दिसलं की शिबिरांना वारंवार गेलेल्यांचं जास्त बिघडलं. वांड पोरं एकत्र आली आणि एकमेकांकडून शिकली.

हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस कामावर नीट बोललेही नाही. आमची उन्हाळी शिबिरं डोळ्यांपुढं आली. आम्ही शिबिराच्या शेवटी मुलांना काय विचारतो? “मजा आली का?” मुलं म्हणतात, आली. अहवालात लिहितो, कार्यक्रम यशस्वी.

हा मजकूर मी गेल्या वर्षी एका ग्रुपवर थोडक्यात टाकला तेव्हा उत्तर आलं, “हे सगळं परदेशातलं. आपला आश्रम म्हणजे बुखारेस्ट नव्हे.” बरोबर आहे, नव्हे. आणि जे अर्धं टिकलं म्हणाले ते इथं. ड्यूक विद्यापीठाच्या कॅथरिन व्हेटन यांच्या चमूनं पाच देशांत सहा ते बारा वर्षांची अनाथ आणि सोडलेली मुलं तपासली, त्यांत भारतातली हैदराबाद आणि नागालँडची होती. २००९ मध्ये छापलं, की या वयात संस्थेतली मुलं तब्येत, भावना, बुद्धी यांत बाहेरच्या घरांत राहणाऱ्यांपेक्षा मागं नव्हती. म्हणून आठ-नऊ वर्षांच्या, खरोखर कुणी नसलेल्या मुलाला चांगली, नोंदणीकृत संस्था मिळत असेल तर मी आडवी येणार नाही. घरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार होत असतील तर मीच १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करीन.

कुणीतरी राजर्षी शाहूंचं नाव घेतंच. १९०१ पासून कोल्हापुरात त्यांनी वसतिगृहं काढली, त्यातून पिढ्या घडल्या. पण तिथं जाणारी पोरं शिकायच्या वयाची होती, सुट्टीत घरी यायची आणि फॉर्मवर कुणी त्यांच्या आईला मारत नव्हतं. आपल्याकडे कित्तूर राणी चन्नम्मा आणि मोरारजी देसाई वसतिशाळा आहेत, त्याही सहावीपासून घेतात. तीन वर्षांच्या पोराला नाही.

घरात जाऊन काम केलं तर काय होतं, तेही बघितलंय. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी वाढ खुंटलेली १२९ बाळं घेतली. काही घरांत आरोग्यसेविका आठवड्याला एक तास जायची, टाकाऊ वस्तूंची खेळणी न्यायची, आईला बाळाशी खेळायला शिकवायची. दोन वर्षं, एवढंच. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई तशी भेट न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्के जास्त निघाली. हाच प्रयोग पुढं ओडिशात कटकच्या झोपडपट्ट्यांत झाला, तिथंही मुलांची आकलनशक्ती सुधारली. आपल्या अंगणवाडीताईला भरायच्या रजिस्टरांतून आठवड्याला असा एक तास कुठून काढायचा, यावर एखादा मेसेज फिरला तर मी दहा नव्हे, शंभर जणांना पाठवीन.

खानापूरच्या त्या आजीचा फॉर्म आम्ही फाडला. प्रायोजकत्वाचा अर्ज केला, उत्पन्नाच्या दाखल्याला तीन हेलपाटे, मंजुरीला सात महिने. तोवर दुकानदारानं उधारी दिली. नातू आता पहिलीत जातो. आई गोव्याहून पंधरवड्याला येते, ती यायच्या दिवशी तो दुपारपासून नाक्यावर उभा असतो आणि बस उशिरा आली की सगळ्यांशी भांडतो. यंदा मला तो मेसेज पाठवणाऱ्या सातांत त्याचा मामाही होता.