नावानिशी मत

१२ नोव्हेंबर २०१४ रोजी विधानसभेत फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. भाजपचे १२२ आमदार निवडून आले होते, बहुमताला १४५ लागतात. मतविभाजनाची, म्हणजे मते मोजण्याची, मागणी मान्य झाली नाही. त्या दिवशी कोणत्या आमदाराने सरकारला तारले, हे कोणत्याही कागदावरून सांगता येत नाही. ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मात्र शिरगणती झाली आणि १६४ विरुद्ध ९९ असा हिशेब लागला. शिकागो परिसरातल्या मराठी घरांतही या दोन दिवसांवर तावातावाने वाद होतो, पण तो गद्दार कोण आणि निष्ठावंत कोण एवढ्यावरच थांबतो. मतांची नोंद कशी होते, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

शिकागो ज्या राज्यात आहे, त्या इलिनॉयमध्ये या प्रश्नाला जुना इतिहास आहे. अब्राहम लिंकन १८३४ ते १८४२ अशी आठ वर्षे इथल्या प्रतिनिधीगृहात आमदार होता. त्याआधी १८३२ मध्ये तो पडला, १३ उमेदवारांत आठवा आला. तेव्हा मतदार केंद्रावर येऊन उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगत आणि कारकून ते वहीत टिपत असे. मताचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांना होता. लिंकनच्या न्यू सेलम गावात ३०० पैकी २७७ जणांनी त्याचे नाव घेतले, हे आपल्याला त्या वहीमुळेच कळते. पुढच्या खेपेस तो निवडून आला. २०० डॉलर उसने घेतले, त्यातल्या ६० डॉलरचा सूट शिवला आणि घोडागाडीने तो तेव्हाच्या राजधानीत, व्हँडेलियाला गेला. भत्ता दिवसाला ३ डॉलर. कर्जात बुडालेल्या, जमीनमोजणी करणाऱ्या पंचवीस वर्षांच्या मुलाला आमदारकी परवडली ती या भत्त्यामुळे. ‘आमदारांना पगार कशाला’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

राज्याच्या १८१८ च्या घटनेत दोन साध्या तरतुदी होत्या. कोणत्याही प्रश्नावर दोन सदस्यांनी मागणी केली की प्रत्येकाचा होकार-नकार नावानिशी इतिवृत्तात लिहायचा. आणि एखादा ठराव घातक वाटला, तर कोणत्याही दोन सदस्यांना आपला निषेध कारणांसकट तिथेच नोंदवता येई. दोन म्हणजे दोनच.

जानेवारी १८३७ मध्ये प्रतिनिधीगृहाने गुलामगिरीविरोधी संघटनांचा धिक्कार करणारा ठराव ७७ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केला. त्या सहांत लिंकन होता. ३ मार्चला त्याने आणि डॅन स्टोनने निषेध नोंदवला, म्हणून त्याखाली बरोबर दोन सह्या दिसतात. गुलामगिरी अन्यायावर आणि वाईट धोरणावर उभी आहे, असे त्यात म्हटले होते. त्याच दमात, तिच्या निर्मूलनाच्या प्रचाराने तिचे दुष्परिणाम वाढतात, असेही म्हटले होते. दोन्ही वाक्ये तशीच राहिली. पुढे कोणाला सोयीचे तेवढेच उचलता येईना.

नोंद झाली म्हणून शहाणपण येतेच असे नाही. त्याच अधिवेशनात रेल्वे, नद्या आणि रस्त्यांसाठी सुमारे १ कोटी डॉलरची योजना मंजूर झाली. ज्या जिल्ह्यांच्या वाट्याला काहीच आले नाही त्यांच्यासाठी २ लाख डॉलर वेगळे ठेवले, म्हणजे त्यांचीही मते मिळाली. लिंकन तिच्या खंद्या समर्थकांपैकी होता. काही महिन्यांतच मंदी आली. त्या जाळ्यातून मेरेडोसिया ते स्प्रिंगफील्ड एवढाच लोहमार्ग धड उभा राहिला आणि १८४७ मध्ये तो अवघ्या २१,१०० डॉलरला विकावा लागला. या चुकीतला लिंकनचा वाटा आजही लपवता येत नाही.

डिसेंबर १८४० चा प्रसंग तर दोन सदस्यांच्या त्याच नियमाभोवती फिरतो. विशेष अधिवेशन संपले की राज्य बँकेला नोटांच्या बदल्यात पुन्हा नाणी द्यावी लागणार होती. अधिवेशन संपू नये म्हणून बँकेच्या बाजूचे, लिंकनच्या व्हिग पक्षाचे आमदार गणसंख्या (कामकाजाला लागणारी किमान हजेरी) मोडायला बाहेर राहिले. आत थांबले ते लिंकन आणि एखाददुसरा सोबती, नावानिशी मतदान मागण्यापुरते. गणसंख्या पूर्ण होतेय हे दिसताच त्यांनी खिडकीतून उड्या मारल्या. उपयोग झाला नाही. नावे पुकारली गेली होती, ते हजर धरले गेले आणि अधिवेशन संपले.

आपल्याकडे यावर एक आक्षेप हमखास येतो: राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टामुळे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यामुळे, आमदार पक्षादेशाबाहेर जाऊच शकत नाही, मग नावे नोंदवून काय मिळणार? आक्षेप खरा आहे. म्हणूनच मतांची नावानिशी नोंद आणि पक्षादेशाला मर्यादा या दोन सुधारणा जोडीने व्हायला हव्यात. अपात्रतेची टांगती तलवार विश्वासमतासारख्या मोजक्या प्रसंगांपुरती ठेवावी, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच केली होती. ती मान्य झाली, तर जमीन, पाणी, शाळा यांवरच्या विधेयकांवरचे मत आमदाराचे स्वतःचे ठरेल आणि मतदारसंघात त्याला त्याबद्दल विचारता येईल.

इलिनॉयच्या १९७० च्या घटनेनुसार विधेयकाच्या अंतिम मंजुरीला नोंदवलेले मतदान सक्तीचे आहे. इतर वेळी प्रतिनिधीगृहात ११८ पैकी ५ सदस्यांनी मागितले तरी पुरते. त्या प्रमाणात २८८ च्या विधानसभेत १२ आमदार पुरेत, आणि त्यांची मागणी नाकारण्याचा अधिकार अध्यक्षांना नसावा.