१४ चे साडेअकरा होत नाहीत

डेन्वरजवळच्या बँडिमिअर स्पीडवेवर, म्हणजे ५,८०० फुटांवर, ड्रॅग रेसमध्ये (पाव मैलाच्या सरळ शर्यतीत) १४ सेकंदांत अंतर कापलेली गाडी समुद्रकाठी साडेअकरात जाईल, असं गणित गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर फिरतंय. तो ट्रॅक २०२३ मध्ये बंद झाला, गणित मात्र अजून पळतंय.

‘हजार फुटांमागे ताकद ३ टक्के घटते, म्हणून वेळही तेवढाच कमी धरा.’ यातलं पहिलं वाक्य साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनासाठी ढोबळमानाने बरोबर आहे, कारण उंचीवर हवा विरळ असते. घोळ ‘म्हणून’ मध्ये आहे. ठरलेल्या अंतराला लागणारा वेळ ताकदीच्या घनमुळाने बदलतो. ताकद दुप्पट केलीत तर वेळ निम्मा होत नाही, जेमतेम पाचवा हिस्सा वाचतो. निम्मा हवा असेल तर आठपट ताकद लागेल! आता त्यांचेच १७ टक्के (५.८ गुणिले ३) घ्या. उरले ०.८३, त्याचं घनमूळ ०.९४. १४ गुणिले ०.९४ म्हणजे १३.१६ सेकंद. शेवटचा वेग ताशी १०० मैल असेल तर तो १०६ धरायचा. फॉरवर्डच्या हिशेबाने तो सुमारे १२० होतो. तेवढ्यासाठी वेगळं इंजिनच बसवावं लागेल.

‘टर्बोला उंचीचा फरक पडत नाही.’ टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप. त्यालाही फरक पडतो, पण कमी. साधा बूस्ट गेज, म्हणजे टर्बोचा दाब मोजणारा काटा, बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो. १५ पीएसआय (दाबाचं एकक) बूस्ट म्हणजे समुद्रकाठी १४.७ अधिक १५, एकूण २९.७. बँडिमिअरला बाहेरचाच दाब सुमारे ११.९, म्हणजे एकूण २६.९. काटा तिथेच, हवा मात्र ९ टक्के कमी. म्हणून अमेरिकेतली एनएचआरए ही ड्रॅग रेसिंगची संघटनाही सगळ्या गटांना उंचीच्या दुरुस्तीचा एकच गुणक लावत नाही.

‘ट्रॅकची उंची कळली की झालं.’ इंजिनाला फुटांशी देणंघेणं नाही, हवेच्या घनतेशी आहे. कोकण किनाऱ्यावर मे महिन्यात पारा ३५ वर गेला की तिथली हवा १५ अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा साडेसहा टक्के विरळ होते, म्हणजे कागदावरच्या दोन हजार फुटांएवढी, साधारण लोणावळ्याच्या उंचीची. वर दमटपणा. दमट हवा जड असते असं आपल्याला वाटतं, पण वाफ हवेपेक्षा हलकी, त्यामुळे घनता आणखी घटते. तेव्हा ट्रॅकवर मिळणाऱ्या वेळेच्या स्लिपवर त्या वेळचं तापमान, दाब आणि आर्द्रता लिहिलेली नसेल तर नुसत्या उंचीवरून काढलेला दुरुस्त आकडा अंदाजच समजा. कार्बोरेटरच्या गाडीचं जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) उंचीप्रमाणे बदललं नसेल तर मिश्रण पेट्रोलने जड होतं, तो तोटा वेगळाच.

तेच गणित कुणीतरी इलेक्ट्रिक गाडीलाही लावलंय. मोटरला हवा लागतच नाही. उलट विरळ हवेत अडथळा कमी, त्यामुळे वरच्या ट्रॅकवर ती उलट किंचित जोरातच जाते. तिच्या वेळेतून सेकंद वजा केले, तर नसलेला तोटा भरून दिल्यासारखं होईल.