सत्तावीस मीटर, पण फेकायचं कुठे?

मुंबईत माणसाने कुठलाही छंद धरावा, फक्त मोकळी जागा लागणारा धरू नये. आम्ही काही जण नेमकं तेच करून बसलोय. आम्ही घरच्या घरी ट्रेबुशे बनवतो. म्हणजे दोन खांबांमधल्या आसावर फिरणारी तुळई, तिच्या आखूड टोकाला वजन आणि लांब टोकाला गोफण. वजन खाली येतं, तुळई उसळते, गोफण तिच्या मागून भिरभिरत येते आणि आतला ऐवज सोडून देते. मध्ययुगात या यंत्राने तटबंद्या फोडल्या. आमच्यात स्क्वॉशचा चेंडू जातो, आणि तो कुणाच्या खिडकीला लागला तर आम्हीच जाऊन माफी मागतो.

१३०४ साली स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या किल्ल्यातले लोक शरण यायला तयार होते. पण इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड म्हणाला, थांबा, आधी माझा ‘वॉरवुल्फ’ चालवून बघू. हा त्याचा भलामोठा ट्रेबुशे. वाचणाऱ्याला यात क्रौर्य दिसतं; आम्हाला त्याचं मन कळतं. एवढं सुतारकाम झाल्यावर न चालवता कोण गप्प बसेल?

आमच्या यंत्राचं माप इतिहास ठरवत नाही, माळा ठरवतो. माळ्यावर बसेल आणि लिफ्टमध्ये कुणाच्या पोटात घुसणार नाही अशी तुळई ४० सेंमीची. आसापासून आखूड बाजू ८, लांब बाजू ३२, म्हणजे प्रमाण एकास चार. सागाची २० मिमी जाडीची पट्टी घ्या आणि लांब टोकाकडे १० मिमीपर्यंत रंधून निमुळती करा. टोक जड राहिलं तर वजनाची निम्मी मेहनत ते टोक हलवण्यातच जाते. आसाचं भोक पडतं तिथे दोन्ही बाजूंनी तीन मिमी प्लायचे तुकडे चिकटवा, नाहीतर तुळई नेमकी तिथेच फुटते, आणि तीही पाहुणे बघायला आल्यावर. आसाची उंची २६ सेंमी ठेवा. त्याहून कमी केली तर वजन तळाच्या पट्टीवर आपटतं.

आसासाठी ८ मिमीची स्टेनलेस स्टीलची सळी. साध्या लोखंडाची जुलैत गंजते आणि लाकूड फुगून तिला आवळून धरतं. बेअरिंग ‘६०८’ नंबरचं, स्केटिंगच्या चाकात असतं तेच. आतलं भोक बरोब्बर ८ मिमी. नागदेवी स्ट्रीटला दोन्ही मिळतं. दुकानदार ‘कशाला पाहिजे’ विचारतो, तेव्हा ‘पाळण्याला’ सांगावं. खरं सांगितलं तर पुढचा अर्धा तास तो तुम्हाला डिझाइन सुधारून देतो, आणि मागे रांग लागते. खरं तर एवढ्याशा यंत्रात बेअरिंगने फार फरक पडत नाही. साडेआठ मिमीचं भोक आणि मेणबत्तीचं मेण यावरही काम भागतं. पण बेअरिंगवर बोटाने टिचकी मारली की ते फिरत राहतं, आणि तेवढ्यासाठी माणूस ते घेतो.

वजन चेंडूच्या शंभरपट हवं. स्क्वॉशचा चेंडू साधारण २४ ग्रॅमचा, म्हणून जिममधल्या सव्वा किलोच्या दोन प्लेटी. त्या तुळईला थेट ठोकू नका, ८ सेंमीच्या दांडीवर लोंबत्या ठेवा. लोंबतं वजन बरंचसं सरळ खाली पडतं. ठोकलेलं वजन तुळईबरोबर गोल फिरतं आणि आपली ताकद चौकट हादरवण्यात घालवतं. काही जण डब्यात रेती भरतात. अडीच किलो रेती म्हणजे दीड लिटरचा डबा. तो दोन खांबांच्या मधून जात नाही, आणि त्याचं झाकण पहिल्याच फेकीत उघडून पडतं. शिसं आटोपशीर, पण विषारी. ते वितळवायला स्वयंपाकघरातला गॅस पेटवणाऱ्याला या छंदातून आणि घरातूनही काढावं.

आता हिशेब. तुळई ४५ अंशांत खाली ओढली की वजन साडेतेरा सेंमी उतरतं. जास्तीत जास्त अंतर काढायला वजनाच्या पटीला, म्हणजे शंभरला, या साडेतेरा सेंमीने गुणायचं आणि दुप्पट करायची: २७ मीटर. हे कागदावरचं. निम्मं, म्हणजे १३-१४ मीटर, मिळालं तरी यंत्र चांगलं जमलं असं समजा.

खरा छळ मात्र गोफणीचा आणि खिळ्याचा. गोफणीची लांबी ३० सेंमी, दोरी दोन मिमीची, विणलेली नायलॉनची. सुतळी नको, ती दमट हवेत लांबी बदलते. झोळी जुन्या जीन्सची, ५ बाय १० सेंमी. एक दोरी तुळईला पक्की बांधायची, दुसरीला किचेनची छोटी कडी, आणि ती कडी टोकाच्या खिळ्यात नुसती अडकवायची. खिळा म्हणजे सायकलच्या स्पोकचा अडीच सेंमी तुकडा, पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेला. कडी त्यावरून कधी निसटते, यावर सगळा खेळ आहे. खिळा फार सरळ असेल तर कडी लवकर सुटते आणि चेंडू आभाळात किंवा थेट तुमच्या मागे जातो. फार वाकडा असेल तर उशिरा सुटते आणि चेंडू समोर दोन फुटांवर आपटतो. पकडीने जरासाच वाकवायचा, पाचेक अंश. हे करताना आजूबाजूला जमलेला प्रत्येक जण ‘अजून थोडा’ म्हणतो, आणि ‘थोडा’ कुठल्या बाजूला ते कुणी सांगत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. खिळा, दोरी आणि वजन एकदम बदललं तर चेंडू लांब गेला तरी का गेला ते कळत नाही.

फेक मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांनी टिपा. चेंडू सुटतो त्या क्षणी वजन अगदी तळाशी आणि जवळजवळ थांबलेलं दिसायला हवं, म्हणजे त्याच्याकडे होतं ते सगळं चेंडूला मिळालं. चेंडू गेल्यावरही वजन झोके खात असेल, तर तेवढं अंतर तुम्ही चौकटीला दान केलं.

राहिला प्रश्न जागेचा. गच्ची मिळते, पण चावी सेक्रेटरींकडे आणि दोऱ्यांवर तिसऱ्या मजल्याच्या चादरी. फेक नेहमी गच्चीच्या लांबीच्या दिशेने, समोर कपड्यांच्या दोरीवर जुनी मच्छरदाणी सोडून, आणि चेंडू मऊच. यंत्राच्या पुढे-मागे कुणी उभं राहायचं नाही. बघणाऱ्यांनी आणि ट्रिगरची, म्हणजे ओढून धरलेली तुळई सोडणारी, दोरी ओढणाऱ्यानेही बाजूलाच उभं राहायचं. पूर्ण ताकदीने फेकायचं असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून, पहाटेच्या ओहोटीला जुहू. तिथे खांब वाळूत रुततात, म्हणून खाली प्लायची फळी न्या. आणि सगळे जोड विंगनटचे, म्हणजे हाताने फिरवायच्या नटाचे, ठेवा: सुटं करून पिशवीत घातलं की लोकलमध्ये त्याला कुणी काही विचारत नाही, उभं धरलं की सगळा डबा विचारतो.

यानंतरची सुधारणा म्हणजे चाकं. चाकांवर चौकट पुढे-मागे सरकते, वजन आणखी सरळ पडतं आणि चेंडू थोडा पुढे जातो. फक्त गच्चीवर मागच्या पट्टीला दोरी बांधून ती पाण्याच्या टाकीच्या पाइपाला अडकवा, आणि दोरीला हातभर ढील ठेवा. ढील ठेवली नाही तर चाकं लावून उपयोग नाही, आणि दोरीच बांधली नाही तर यंत्र चेंडूच्या मागोमाग कठड्याकडे निघतं.