चिलीच्या स्पॅनिशमधले मापुचे शब्द आणि आपला भाषावाद

सांतियागोत नोकरीसाठी येणाऱ्या परदेशी माणसाला पहिल्या काही आठवड्यांतच ऐकवले जाते की माद्रिदची स्पॅनिश इथे पुरणार नाही. पोट म्हणजे 'ग्वाता', उंदीर म्हणजे 'लाउचा', रस्त्यावरचे गावठी कुत्रे म्हणजे 'किल्त्रो', कुजबुजीतून उभी राहिलेली भानगड म्हणजे 'कावीन'. प्रियकराला 'पोलोलो' म्हणतात, आणि तो मुळात एक घोंघावणारा किडा आहे, हे सांगताना कार्यालयातल्या प्रत्येकाला हसू येते. हे सगळे शब्द दक्षिण चिलीतील आणि अर्जेंटिनातील मापुचे लोकांच्या मापुदुंगुन भाषेतून आलेले आहेत. चिलीचे लोक ते अभिमानाने मिरवतात, आणि त्या अभिमानाविषयीच मला काही शंका आहेत. महाराष्ट्रातील भाषेचे वाद इथून वाचताना त्या अधिक गडद होतात.

मापुदुंगुनची छाप केवळ बोलण्यापुरती नाही. तेमूको, कुरिको या शहरांच्या नावांतला 'को' म्हणजे पाणी. अर्जेंटिनातील नावेल वापी सरोवराच्या नावात वाघासारखा प्राणी आणि बेट दोन्ही आहेत. चिलीचे राष्ट्रीय फूल कोपीवे, त्याचे नावही याच भाषेतले. सुपरमार्केटमध्ये मसाल्यांच्या मांडणीत 'मेर्केन' नावाची तांबूस भुकटी मिळते. वाळवून धुरावर धरलेली मिरची, भाजलेले धणे आणि मीठ एकत्र कुटून ती करतात, आणि मराठी माणसाच्या नाकाला ती इथल्या इतर कोणत्याही पदार्थाहून लवकर ओळखीची वाटते. राजकारणातही एक शब्द रुजला आहे. कुजणे या अर्थाच्या मापुचे धातूपासून आलेला 'फुना' हा शब्द १९९० च्या दशकाच्या अखेरीस चळवळीच्या तोंडी आला. लष्करी राजवटीत छळ करणाऱ्यांना न्यायालये शिक्षा देत नाहीत म्हणून लोक त्यांच्या घरासमोर जमून त्यांची ओळख जाहीर करत, त्याला हे नाव पडले. आज समाजमाध्यमांवर कोणाचे बिंग फोडले तरी 'फुना'च म्हणतात.

सांतियागोच्या श्रीमंत भागाकडे जाणाऱ्या मेट्रोमार्गावर मान्केवे नावाचे स्थानक आहे. कोंडोर गिधाडांची जागा असा त्याचा अर्थ. शेजारची विताकुरा वस्तीही मापुचे नावाचीच. राजधानीच्या परिसरात २०१७ च्या जनगणनेनुसार सहा लाखांहून अधिक मापुचे राहतात, पण त्यांची दाटी असलेले भाग म्हणजे सेर्रो नाविया किंवा ला पिंताना यांसारख्या गरीब वस्त्या. विसाव्या शतकात दक्षिणेतून आलेल्या मापुचे पुरुषांनी शहरातल्या बेकऱ्यांमध्ये रात्रपाळ्या केल्या आणि बायकांनी सधन घरांत धुणीभांडी केली. ज्या वस्त्यांना त्यांच्या भाषेची नावे आहेत, तिथे त्या भाषेची माणसे सकाळी कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात.

त्यामागचा इतिहास थोडक्यात असा. स्पॅनिश साम्राज्याला बियोबियो नदीच्या दक्षिणेला मापुचेंवर कायमचा ताबा मिळवता आला नाही, आणि १६४१ च्या किलीन येथील तहात त्याने ती सीमा मान्य केली. हा प्रदेश घेतला तो स्वतंत्र झालेल्या चिलीने, १८६१ ते १८८३ या काळातील लष्करी मोहिमांनी. त्यानंतर जमिनी गेल्या, लोक तुटपुंज्या राखीव तुकड्यांवर आले, आणि शाळा स्पॅनिशच्या झाल्या. माझ्या एका सहकाऱ्याचे आडनाव मापुचे आहे. त्याची आजी घरी पाहुणे नसताना बहिणीशी मापुदुंगुन बोलत असे, पण नातवंडे खोलीत आली की गप्प होई. शाळेत आपल्याला जे सोसावे लागले ते त्यांना सोसावे लागू नये, इतकाच तिचा हिशेब होता. त्याला स्वतःला आज 'मारी मारी' या अभिवादनापलीकडे फारसे काही येत नाही. ग्वाता, कावीन आणि पोलोलो मात्र त्याला येतात, कारण ते कुठल्याही चिलीवासीयाला येतात.

स्पॅनिशने घेतली ती नावे. भाषेची घडण तिने घेतली नाही. रोदोल्फो लेन्स या जर्मन अभ्यासकाने १८९३ मध्ये चिलीची स्पॅनिश म्हणजे मापुचे ध्वनींनी बोललेली स्पॅनिश, असे मांडले होते. पुढे आमादो आलोन्सो यांनी ते खोडून काढले, आणि आज ते मत कोणी फारसे धरत नाही. मापुदुंगुनमध्ये संस्कृतप्रमाणे द्विवचन आहे. ऐकीव गोष्ट सांगायची असेल तर क्रियापदातच एक प्रत्यय घालतात, जे काम आपण वाक्याच्या शेवटी 'म्हणे' लावून करतो. हे सारे बोलणाऱ्यांबरोबर जाणार आहे, आणि किल्त्रोसारखे शब्द कितीही टिकले तरी ते त्याला वाचवू शकत नाहीत.

महाराष्ट्रात २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय निघाला, गदारोळ झाला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. त्या विरोधाशी मी सहमत होतो आणि आहे. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादण्याचे शैक्षणिक समर्थन मला आजही सापडलेले नाही. पण त्या दिवसांत 'मराठी मरणार' असे जे लिहिले गेले, ते इथे बसून वाचताना अतिशयोक्त वाटले. आठ कोटींहून अधिक लोकांची, स्वतःचे राज्य, विद्यापीठे आणि २०२४ पासून अभिजात दर्जा असलेली भाषा मापुदुंगुनच्या जागी उभी नाही. चिलीच्या नकाशावर मराठीची जागा शोधायचीच तर ती स्पॅनिशच्या बाजूला सापडते, आणि हे लिहिताना मला आनंद होत नाही.

मापुदुंगुनच्या जागी आपल्याकडे गोंडी, कोरकू, कोलामी आहेत. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा होता, चंद्रपूरचा किल्ला गोंड राजांचा, आणि हे आपण पर्यटनाच्या पत्रकांत छापतो. देशभर सुमारे ३० लाख लोकांची गोंडी मात्र आठव्या अनुसूचीत नाही. गडचिरोलीतील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी शिकवणारी शाळा काढली, तेव्हा तिच्या वाट्याला मान्यतेऐवजी शिक्षण विभागाची नोटीस आली. हिंदीविरोधात रस्त्यावर उतरलेल्यांपैकी कितीजणांना या शाळेचे नाव माहीत असेल, असा प्रश्न पडतो.

चिलीनेही हे कोडे सोडवलेले नाही. २०२१ मध्ये संविधान सभेच्या अध्यक्षपदी निवडून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ एलिसा लोंकोन यांनी भाषणाची सुरुवात मापुदुंगुनमधून केली. वर्षभराने त्या सभेचा मसुदा ६२ टक्के मतदारांनी नाकारला, आणि मापुचेंचा प्रदेश मानल्या जाणाऱ्या आरौकानियात नकार त्याहूनही मोठा होता. कारणे अनेक होती, एकटी भाषा नव्हे. तरी गाल्वारिनो या छोट्या नगरपालिकेने २०१३ मध्येच मापुदुंगुनला अधिकृत दर्जा दिला, आणि त्यासाठी तिने संविधान बदलण्याची वाट पाहिली नाही. मोहगावची ग्रामसभा नेमके तेच करत होती. राज्याच्या भाषाधोरणावर पुढची समिती बसेल तेव्हा तिच्यात गोंडी आणि कोरकू शिकवणारे शिक्षक असावेत, आणि त्यांना अहवालाच्या परिशिष्टात ढकलू नये, एवढी मागणी मराठीसाठी लढणाऱ्या संघटनांनी स्वतःहून करायला हरकत नसावी.