एररमध्ये ड्रायव्हरचं नाव दिसलं म्हणजे ड्रायव्हर दोषी ठरत नाही

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. तो आता माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला. त्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधला थ्रीडी व्ह्यूअर मधूनच बंद पडतो, आणि त्याने मला विचारलं, "मामा, यात लिहिलंय तसं करू का?" करू नकोस. आणि ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे ढकलला, त्यांनीही हे वाचावं.

मेसेज थोडक्यात असा: ग्राफिक्सचा प्रोग्राम क्रॅश झाला आणि एररमध्ये कार्डाच्या कंपनीची डीएलएल (प्रोग्रामच्या कोडची फाइल) दिसली, तर दोष १०० टक्के ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) टीडीआर, म्हणजे अडकलेलं कार्ड रीसेट करणारी विंडोजची सोय, बंद करा. जुना ड्रायव्हर टाका. दुसऱ्या मशीनवर चालत असेल तर कोडला हात लावू नका. काहीच जमलं नाही तर विंडोज फॉरमॅट करा.

पहिला मुद्दा सगळ्यात चुकीचा, आणि बाकीचे त्याच्याच जोरावर उभे आहेत. ओपनजीएल ही चित्र काढून घेण्यासाठीच्या कॉलची पद्धत. तिच्या ड्रायव्हरचा मोठा भाग तुमच्याच प्रोसेसमध्ये, तुमच्याच मेमरीत चालतो. तुम्ही पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देता, ड्रायव्हर तिथून वाचतो. पॉइंटर चुकीचा असेल तर वाचताना पडतो ड्रायव्हर, म्हणून इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) नाव येतं ड्रायव्हरच्या डीएलएलचं.

नेहमी सापडणारं उदाहरण घ्या. १०२३ × ७६७ पिक्सेलचं आरजीबी टेक्श्चर (वस्तूवर चढवायचं चित्र), दर पिक्सेलला ३ बाइट. एका ओळीचे ३०६९ बाइट. पण ओपनजीएलमध्ये अनपॅक अलाइनमेंट (प्रत्येक ओळ किती बाइटांच्या पटीत सुरू होते ते) मुळात ४ असते, म्हणून ड्रायव्हर प्रत्येक ओळ ३०७२ बाइटांची धरून चालतो. शेवटच्या ओळीपर्यंत तो तुमच्या बफरच्या २२९८ बाइट पुढे गेलेला असतो. पुढचं पान प्रोसेसच्या ताब्यात असेल तर चित्र फक्त तिरकं दिसतं, नसेल तर ॲक्सेस व्हायोलेशन, म्हणजे क्रॅश. म्हणूनच हा क्रॅश कधी येतो, कधी येत नाही. उपाय एका ओळीचा: टेक्श्चर चढवण्याआधी अलाइनमेंट १ करा.

असा दोष पकडायचा तर मायक्रोसॉफ्टच्या जीफ्लॅग्ज या साधनातून त्या एक्झीसाठी फुल पेजहीप (मेमरीच्या वापरावरची कडक तपासणी) चालू करा. मग बफरच्या बाहेरचं वाचन दर वेळी त्याच जागी आपटतं. विनडीबीजी या डीबगरमध्ये डंप (क्रॅशच्या क्षणी साठवलेली मेमरीची प्रत) उघडून स्टॅकच्या, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीच्या, टोकाला थांबू नका. खाली उतरत तुमचा स्वतःचा पहिला फंक्शन कॉल शोधा आणि त्याला दिलेली प्रत्येक संख्या तपासा. स्टॅकमध्ये तुमचा कोड दिसतच नसेल, तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये थ्रेडेड ऑप्टिमायझेशन बंद करून पुन्हा चालवा. ते चालू असताना ड्रायव्हर बरंच काम वेगळ्या थ्रेडवर करतो. ओपनजीएलचा डीबग काँटेक्स्ट घेऊन सिंक्रोनस डीबग आउटपुटही (चुकीचे संदेश लगेच देणारी सोय) लावा, म्हणजे चुकीचा कॉल जागच्या जागी कळतो.

टीडीआर बंद करा, हा सल्ला तर नुकसान करणारा आहे. विस्टापासून विंडोज ग्राफिक्स कार्डावर नजर ठेवतं. एखादं काम २ सेकंदांत संपलं नाही आणि मध्ये थांबवताही आलं नाही, तर विंडोज कार्ड रीसेट करतं आणि इव्हेंट लॉगमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद करतं. हेच टीडीआर. रजिस्ट्रीतलं टीडीआरलेव्हल शून्य केलं की ही राखणच गेली. शेडरमधला (कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममधला) लूप अडकला तर पडदा गोठेल आणि पॉवर बटण दाबावं लागेल, न साठवलेलं काम पाण्यात. टीडीआरच्या या रजिस्ट्री की चाचणी आणि डीबगिंगपुरत्याच आहेत, असं मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय.

त्याच मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सच्या (विंडोजच्या स्वतःच्या ग्राफिक्स पद्धतीच्या) दस्तऐवजात 'डिव्हाइस हंग' या एररचा अर्थही दिलाय: ॲप्लिकेशनने पाठवलेल्या सदोष कमांडमुळे डिव्हाइस निकामी झालं, हा दोष शोधून दुरुस्त करावा. ड्रायव्हरच्या आतल्या बिघाडासाठी 'ड्रायव्हर इंटर्नल एरर' हा वेगळा कोड आहे. तेव्हा 'डिव्हाइस रिमूव्ह्ड' आलं की आधी त्याचं कारण विचारणारा कॉल करा आणि उत्तर लॉगमध्ये लिहा. 'हंग' आलं तर शोध आपल्या कोडपासून सुरू होतो: लूपला मर्यादा घाला, कार्डाला एकदम पाठवायचं मोठं काम तुकड्यांत पाठवा. खरोखर जड रेंडरिंग असेल तर टीडीआरडिले, म्हणजे ती २ सेकंदांची मुदत, वाढवणं मी समजू शकतो. पण बंद करणं? नाही.

जुना ड्रायव्हर टाकून बघण्यात अर्धं तथ्य आहे, हे मान्य करावं लागेल. ड्रायव्हरमध्ये बग असतात, शेडर कंपायलर स्वतःही पडतो. पण जुन्यावर चाललं एवढ्याने नवा दोषी ठरत नाही. नव्याने मेमरीची मांडणी बदलली की तुमची जुनीच चूक उघडी पडते. दुसऱ्या मशीनवर चालतं, याचंही तेच, वर टेक्श्चरचं पाहिलंच.

त्यापेक्षा मेसा या मुक्त ग्राफिक्स प्रकल्पाचं एलएलव्हीएमपाइप वापरा. त्याची ओपनजीएल३२.डीएलएल आणि सोबतच्या डीएलएल एक्झीच्या शेजारी ठेवल्या की सगळं चित्र सीपीयूवर बनतं, कंपनीचा ड्रायव्हर वाटेतच येत नाही. तिथेही क्रॅश झाला तर शंका कोडवरच. तिथे चाललं तर मात्र निकाल लागत नाही. आणि मे महिन्यात इंदूरचा पारा ४० वर असताना बंद खोलीत कार्ड पडत असेल, तर तापमान आणि पॉवर सप्लाय आधी बघा.

विंडोज फॉरमॅट केलं तर डंप, इव्हेंट लॉग, ड्रायव्हरची आवृत्ती, सगळा पुरावा पुसला जातो. आधी रजिस्ट्रीत विंडोज एरर रिपोर्टिंगखाली लोकलडंप्स ही की बनवा, डंपटाइप २ ठेवा, आणि पुढचा क्रॅश होऊ द्या. पूर्ण डंप लोकल ॲपडेटातल्या क्रॅशडंप्स फोल्डरमध्ये मिळेल. तो आणि एपीआयट्रेस या साधनाने घेतलेला ट्रेस (सगळ्या ग्राफिक्स कॉलची पुन्हा चालवता येणारी नोंद) हाताशी ठेवा. व्हॅलिडेशन (ग्राफिक्स कॉलची तपासणी) स्वच्छ असेल आणि तोच ट्रेस एकाच कंपनीच्या कार्डावर पुन्हा पुन्हा पडत असेल, तर आवृत्ती क्रमांकासकट त्या कंपनीकडे बग खुशाल नोंदवा.