गॅरी न्यूमन म्हणजे फक्त 'कार्स' नव्हे

जुन्या सिंथपॉपचा, म्हणजे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर उभ्या पॉपचा, विषय निघाला की ब्रिटिश गायक गॅरी न्यूमनचं नाव 'कार्स' या गाण्यापुरतं घेतात आणि पुढे जातात. एका गाण्याचा माणूस म्हणे! मला याचा खरंच राग येतो.

1978 मध्ये विशीतला हा लंडनचा मुलगा 'ट्यूबवे आर्मी' या बँडसोबत केंब्रिजच्या स्टुडिओत पंक (गिटारवरचं आक्रमक रॉक) अल्बम करायला गेला. तिथे आधीच्या कुणीतरी ठेवलेला मिनीमूग सिंथेसायझर होता. त्याने एक पट्टी दाबली आणि त्या खर्जाने खोली हादरली. गिटारसाठी बांधलेली गाणी त्याने तिथेच सिंथवर घेतली. रेकॉर्ड कंपनीला पंक हवं होतं, पण हा हटला नाही. पुढच्याच वर्षी 'आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?' ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या नंबरवर होतं. पाच मिनिटांहून लांब गाणं, तेही धड ध्रुवपद नसलेलं!

मग 1979 मध्येच 'द प्लेझर प्रिन्सिपल' आला. निर्माता तो स्वतः, आणि अख्ख्या अल्बमवर गिटार नाही. 'कार्स' यातलंच. सिंथचं संगीत निर्जीव असतं म्हणणाऱ्यांनी ते एकदा हेडफोन लावून नीट ऐकावं. ड्रम सेड्रिक शार्पली वाजवतोय, बास पॉल गार्डिनर, दोन्ही हाडामांसाची माणसं. गाण्याचे शब्द तर निम्म्याच्या आतच संपतात. पुढे फक्त पॉलिमूग सिंथचे लांबलचक सूर आणि तो ठेका. ऐन हिट गाण्यातून गायकाने स्वतःला बाजूला करायचं, याला निर्मात्याचा कान लागतो. त्याचं श्रेय त्याला कुणी देत नाही.

1981 मध्ये वेम्बलीला कार्यक्रम करून, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याने मंचाचा निरोप घेतला. विमान घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला, तर पहिल्या खेपेला आपल्याकडे भारतात हेरगिरीच्या संशयावरून अडकला. मंचावर तो लवकरच परतला, पण दिवस फिरले होते. स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, तीही तारू शकली नाही. नव्वदीच्या सुरुवातीला तो कर्जात बुडाला होता. ब्रिटिश पत्रकारांनी त्याला सुरुवातीपासूनच थंड, गर्विष्ठ ठरवून झोडपलं होतं. आपल्याला ॲस्पर्गर (लोकांशी सहज मिसळणं अवघड करणारा ऑटिझमचा प्रकार) आहे, हे तो पुढे मोकळेपणाने बोलला. तेव्हाची ती टीका आज वाचवत नाही.

माझ्या मते त्याची खरी कारकीर्द इथून सुरू होते. 1994 च्या 'सॅक्रिफाइस'मध्ये त्याने हिट गाण्याचा नाद सोडला आणि काळोखं, जड, स्वतःला हवं तेच संगीत केलं. पुढे नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडने त्याचं 'मेटल' गायलं. 2002 मध्ये शुगाबेब्स या ब्रिटिश गायिकांच्या गटाचं 'फ्रीक लाइक मी' पहिल्या नंबरवर गेलं, तेही त्याच्याच जुन्या सुरावटीवर उभं होतं.

2017 मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, 'सॅव्हेज' ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरवर आला. आणि अमेरिकेत खपाच्या याद्या काढणाऱ्या बिलबोर्ड मासिकाने तो अल्बम इलेक्ट्रॉनिकच्या यादीत घ्यायला नकार दिला! ज्याने सिंथला घराघरात नेलं, त्यालाच दार बंद. याहून मोठा अन्याय मला तरी माहीत नाही.

आज रात्री 'सॅव्हेज'मधलं 'माय नेम इज रुइन' लावा. त्यात त्याची मुलगी पर्शियाही गायली आहे. आवाज मोठा ठेवा, आणि ऐकून झालं की कसं वाटलं ते इथे लिहा.